रोहिदास मास्तरचं वाढतं माप

खोडाळ्याच्या बाजारात रोहिदास मास्तरचं शिलाईचं दुकान आहे. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. शाळेशी त्याचा संबंध एवढाच, की आसपासच्या दोन आश्रमशाळांचे गणवेश तो शिवतो. माणूस दुकानाची पायरी चढतानाच त्याचं माप ओठांवर आणायची रोहिदासला खोड होती. "छाती छत्तीस, खांदा सतरा, बाही तेवीस," असं तो आधी जाहीर करायचा आणि मग टेप लावायचा, तीसुद्धा गिऱ्हाइकाने नीट बघावी म्हणून. अर्धा इंच इकडेतिकडे निघालाच तर म्हणायचा, "श्वास घेतलास वाटतं."

अशा माणसाच्या स्वतःच्या अंगाचं माप सहा वर्षं वाढत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. म्हणजे वाढ दिसत होती, पण दर वेळी दोष दुसऱ्या कुणाचा तरी निघायचा.

आधी वाढली ती चप्पल. आयुष्यभर आठ नंबर घालणाऱ्या रोहिदासला जव्हारच्या दुकानात नऊ लागली, मग दहा, मग अकरा. "कंपन्या आता आखूड काढतात," असा त्याचा निष्कर्ष. मग लग्नातली अंगठी. ती साबणाने निघेना, तेलाने निघेना, शेवटी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. भेसळीचं सोनं उन्हाळ्यात आवळतं, असं त्याने सोनारालाच ऐकवलं. अंगठी त्या सोनाराची नव्हती म्हणून निभावलं. एक दिवस ऐन गिऱ्हाइकासमोर त्याचा अंगठा कातरीच्या कडीत असा रुतला की बायकोला चहाच्या भांड्यातलं कोमट पाणी ओतून तो सोडवावा लागला. धार लावणाऱ्याने कातर तापवून बिघडवली, हे रोहिदासने त्याच संध्याकाळी अख्ख्या बाजाराला सांगितलं.

दोरा तो नेहमी दातांनी तोडायचा. आता खालचा जबडा पुढे सरकला होता, दातांत फटी पडल्या होत्या, वरचे दात खालच्यांना भेटेनात. दोरा मधूनच सटकायचा. "दोऱ्यात आता नुसता प्लास्टिकचा भरणा," असं म्हणून त्याने तीन कंपन्यांचे दोरे बदलून पाहिले.

जामसरला दिलेली त्याची बहीण गोदा हिने एकदा त्याचा फोन राँग नंबर म्हणून ठेवून दिला. त्याने परत लावला, तिने परत ठेवला. आवाज इतका जाड झाला होता. रोहिदासला याचं वाईट वाटलं नाही, उलट आवाजात वजन आलं म्हणून तो दोन दिवस उगाचच लोकांना फोन करत होता.

त्याची बायको चंदा दुकानातच बसून काज-बटण करायची. तिची नजर सुईच्या नेढ्यावर पोसलेली. ती म्हणायची, "तू सुजतोयस."

"सुजत नाय, भरतोय," रोहिदास म्हणायचा. "चाळिशीनंतर माणूस भरतो. तुझा बाप नव्हता का भरला?"

"माझ्या बापाचं पोट भरलं होतं. तुझं नाक भरलंय."

यावर तो मशीन जोरात चालवायचा, म्हणजे पुढचं ऐकू येत नसे.

डोकं दुखायचं, तेव्हा तो बाम लावायचा. गुडघे दुखायचे, तेव्हा दुसरा बाम लावायचा. एका दवाखान्यात रक्तात साखर निघाली, तिच्या गोळ्या सुरू झाल्या. डोक्याचं दुखणं वेगळं, गुडघ्याचं वेगळं, साखर वेगळी, घाम वेगळा, अशी सगळी दुखणी त्याने आपापल्या खणात नीट घडी करून ठेवली होती. ती एकाच ताग्यातून निघालेली असतील, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. खरं तर डोक्यातच होतं, पण ते नंतर कळलं.

ते कळलं लक्ष्यामुळे. लक्ष्या खोडाळा ते कसारा जीप चालवतो, रोहिदासचा लहानपणापासूनचा दोस्त. आणि तो तीन महिने रोहिदासवर रुसून होता. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने हात वर केला तरी मास्तर नाक समोर ठेवून सरळ निघून जायचा. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा लक्ष्याने चहाच्या टपरीवर सांगून टाकलं, "मास्तर आता शेठ झाला. आपण त्याला दिसत नाय."

मग एका दुपारी लक्ष्याने दुकानासमोर जीप लावली आणि दार उघडं टाकून तो पान घ्यायला गेला. रोहिदास दुकानातून उतरला, चार पावलं चालला आणि कडेने आडव्या आलेल्या त्या उघड्या दारावर जाऊन आदळला. कपाळावर टेंगूळ आलं. लक्ष्या पान टाकून धावत आला.

"एवढी मोठी जीप दिसली नाय तुला?"

"दिसली असती तर आदळलो असतो का?" रोहिदास कपाळ चोळत ओरडला. "आणि तू कुठून आलास मधेच?"

"मी इथंच उभा आहे की! तुझ्या बाजूला!"

लक्ष्या थबकला. रुसवा बाजूला ठेवून तो रोहिदासच्या खांद्याशी गेला, हात पसरून त्याने बोटं हलवली.

"समोर बघ. माझा हात दिसतो?"

"कुठला हात?"

लक्ष्या दुसऱ्या बाजूला गेला. तिथेही तेच. समोरचं सगळं स्वच्छ, पण दोन्ही कडांना काही नाही, घोड्याच्या डोळ्यांना झापडं बांधावीत तसं. लक्ष्याचा तीन महिन्यांचा राग तिथल्या तिथे विरघळला आणि त्याची जागा घाबरण्याने घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जीपमध्ये इतर कुणाला बसू दिलं नाही. मास्तर पुढे, चंदा मागे, आणि गाडी थेट मोखाड्याच्या रुग्णालयात.

तिथे डोळे तपासायला निशा मॅडम होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं मऊ, पण नजर धारदार. रोहिदासला वाटलं, चष्म्याचा नंबर काढतील आणि सोडतील. भिंतीवरची अक्षरं त्याने शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली आणि चंदाकडे विजयाने बघितलं. मग निशा मॅडमनी समोर बसून दोन्ही हात बाजूंना पसरले, बोटं आत आणत आणत विचारलं, "दिसली की सांगा." बोटं जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा रोहिदास म्हणाला, "आता दिसली."

नोंद करायला त्यांनी आधार कार्ड मागितलं. कार्डावरचा फोटो बघितला, रोहिदासकडे बघितलं, परत फोटो बघितला.

"हे तुमच्या धाकट्या भावाचं आणलंत का दादा?"

"माझंच आहे."

"चपलेचा नंबर काय तुमचा?"

रोहिदासला कळेना की डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंना चपलेशी काय करायचं आहे. तो उत्तर देईपर्यंत चंदाने सहा वर्षांचं गाठोडं उघडलं. चप्पल, अंगठी, कातर, दोरा, गोदाचा फोन, घोरणं, घाम, सगळं एका दमात. घोरणं किती, तर तिने अंथरूण पडवीत नेलं तरी ऐकू येतं, आणि शेजाऱ्यांनाही येतं. रोहिदास मधे दोनदा "अगं पण" म्हणाला, दोन्ही वेळा निशा मॅडमनी त्यालाच हाताने थांबवलं.

"दादा, डोळे तुमचे चांगले आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "पण डोळ्यांच्या नसा मागे मेंदूकडे जातात ना, त्या जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथेच खाली एक ग्रंथी असते. पियुषिका म्हणतात. वालाच्या दाण्याएवढी. अंगातल्या बाकीच्या ग्रंथींचा मुकादम समजा तिला. कुणी किती काम करायचं, हे तीच ठरवते. वाढीचा रसही तीच सोडते. मला वाटतं, तिथे गाठ झाली आहे. गाठ जास्तीचा रस सोडते म्हणून हातपाय वाढतात, आणि वर नसांना दाबते म्हणून कडेचं दिसत नाही."

"म्हणजे सगळं एकच?" रोहिदासने विचारलं.

"बहुतेक एकच. पण खात्री मी करू शकत नाही. याचे डॉक्टर वेगळे असतात. ग्रंथींचे. मुंबईला जावं लागेल."

बाहेर आल्यावर तो लक्ष्याला म्हणाला, "मुकादम बिघडलाय." लक्ष्या तरुणपणी दोन हंगाम वीटभट्टीवर होता, त्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज पडली नाही.

मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात एका लांबलचक नावाच्या पाटीखाली त्यांना बसवलं. पाटी चंदाने तीनदा वाचली आणि सोडून दिली. बाकड्यावर शेजारी नगरकडची एक बाई होती. बायका बाकड्यावर बसल्या की आपापला आजार सांगतातच. त्या बाईचा मुकादम उलट बिघडला होता. बाळंतपणात रक्त फार गेलं, त्यात ती ग्रंथीच सुकली. अंगावर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, आणि बारा वर्षं घरचे तिला आळशी म्हणत होते. चंदाने हे सगळं नीट ऐकून घेतलं. रोहिदास तेवढ्यात समोरच्या वॉर्डबॉयच्या शर्टाची कॉलर तिरकी आहे, हे बघत होता.

ग्रंथींच्या डॉक्टर म्हणजे डॉ. हर्षदा. त्यांनी रोहिदासचा हात हातात घेऊन बोट न् बोट दाबून पाहिलं, जीभ बाहेर काढायला लावली, टाचेची कातडी चिमटीत धरली. टेप घेऊन त्या डोक्याचा घेर मोजायला लागल्या, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"मॅडम, टेप वळलीय. सरळ धरा. अशी."

डॉ. हर्षदांनी टेप सरळ धरली.

रक्त तपासलं. साखरेचं पाणी पाजून दर अर्ध्या तासाने पुन्हा रक्त घेतलं. निरोगी माणसात साखर प्यायल्यावर वाढीचा रस खाली येतो, रोहिदासचा जागचा हलला नाही. डोक्याचा एमआरआय झाला. वालाच्या दाण्याच्या जागी चांगलं बोराएवढं काहीतरी पांढरं दिसलं.

"कॅन्सर आहे का?" चंदाने विचारलं. रोहिदासला तो शब्द तोंडातून काढता आला नव्हता.

"नाही. गाठ साधी आहे, फक्त नको त्या जागी आहे. जुने फोटो आणलेत?"

चंदाने पिशवी उघडली. लग्नातला फोटो, मतदान कार्ड, दुकानाच्या मुहूर्ताचा फोटो, आधार, आणि मोबाइलमधला गेल्या दिवाळीचा. डॉक्टरांनी ते टेबलावर ओळीने मांडले. रोहिदास गंमत म्हणून वाकला आणि तसाच वाकून राहिला. पहिल्या फोटोतला बारीक हनुवटीचा पोरगा एकेका फोटोत मागे मागे जात होता. भुवयांवरचं हाड पुढे आलं होतं, नाक पसरलं होतं, ओठ जाड झाले होते. शेवटच्या फोटोतला माणूस त्याच्याकडे रागाने बघत होता, आणि तो राग कुणावर होता हे रोहिदासला आठवेना, कारण त्या दिवाळीत तो रागावलेलाच नव्हता.

"मी गिऱ्हाइकाचा अर्धा इंच बघून ओळखतो," तो म्हणाला.

"वर्षाला केसाएवढा फरक पडतो," डॉ. हर्षदा म्हणाल्या. "रोज आरशात बघणाऱ्याला कळत नाही. घरच्यांनाही नाही."

"मला कळत होतं," चंदा म्हणाली.

"मग बोलला नाहीत?"

"बोलले की. तो म्हणाला, भरतोय."

डॉक्टर हसल्या, चंदाही हसली. रोहिदास हसला नाही. तो म्हणाला, "आश्रमशाळेची पोरं माप द्यायला यायची तेव्हा मागे सरकायची. मला वाटायचं, मास्तरचा वचक आहे." चंदाने फोटो गोळा केले आणि दिवाळीच्या फोटोची स्क्रीन बंद करून मोबाइल पिशवीत टाकला.

पुढच्या आठवड्यात एका खोलीत चार डॉक्टर त्याच्या एकट्यासाठी बसले: ग्रंथींच्या, मेंदूचे, नाकाचे आणि डोळ्यांच्या. रोहिदासला आधी धडकी भरली, मग हिशेब जुळला. "म्हणजे एक मापं घेणार, एक कापणार, एक वाट काढून देणार आणि एक फिटिंग बघणार," तो म्हणाला. "मग हे दुकान नीट आहे." मेंदूच्या सर्जननी कान टवकारले. ते मितभाषी गृहस्थ होते, पण इथे त्यांनाही बोलावं लागलं, कारण शिंप्याच्या शंका संपेनात.

"डोकं कुठून उघडणार?"

"डोकं उघडणार नाही. नाकातून जाणार. दुर्बीण घालून."

"नाकातून मेंदूत?"

"मेंदूच्या खाली. तिथे हाडाची एक छोटी खोबण असते."

"आणि टाके कुठे घालणार?"

"बाहेरून टाके नाहीत."

रोहिदासच्या चेहऱ्यावर प्रथमच खरी भीती दिसली. बिनटाक्याचं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. "मग आतून उसवलं तर?"

"मांडीतली थोडी चरबी काढून तिथे ठिगळ लावतो," सर्जन म्हणाले. "ते घट्ट बसतं."

"हां. ठिगळ आहे ना," रोहिदास म्हणाला आणि त्याने सही केली. खर्च सरकारी योजनेत बसला. सगळ्यात जास्त धावपळ त्या कागदांची झाली आणि ती लक्ष्याने केली. प्रत्येक खिडकीवर तो "पेशंटचा सख्खा भाऊ" म्हणून सांगत होता.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. नाकात बोळे, तोंडाने श्वास, घसा कोरडा, आणि नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, अशी सक्त ताकीद. आयुष्यभर वाकून बसलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिक्षाच. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उशीला टेकून समोरच्या भिंतीकडे बघत पडला होता. चंदा त्याच्या डाव्या बाजूला कपात चहा ओतत होती, तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

"सांडतोय," रोहिदास म्हणाला.

चंदाने कप सरळ केला. मग तिने त्याच्याकडे बघितलं. त्याची मान भिंतीकडेच होती. तिने हळूच हात लांब नेला, आणखी लांब नेला, बोटं हलवली.

"काय खुणा करतेस?" तो म्हणाला. "मी बघतोय."

तिने चहाचा कप खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि ती वॉर्डबाहेर निघून गेली. आत आली तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, की साखर कमी आहे, चालेल ना.

सगळं पूर्वीसारखं झालं नाही. डॉ. हर्षदांनी ते आधीच सांगितलं होतं. बोटांची सूज उतरली, घोरणं बरंच कमी झालं, चंदाचं अंथरूण पडवीतून आत आलं. साखर निम्म्या गोळ्यांवर आली. पण हाडं वाढली ती वाढली. जबडा तसाच पुढे राहिला, गुडघे दुखतच राहिले. गाठीचा एक छोटा तुकडा रक्तवाहिनीला चिकटलेला होता, तो काढणं धोक्याचं म्हणून तसाच ठेवला. त्याच्यासाठी महिन्याला एक इंजेक्शन, सहा महिन्यांनी रक्त, वर्षाने एमआरआय. आश्रमशाळेची पोरं माप द्यायला येतात तेव्हा तो आता खाली, त्यांच्या उंचीला बसतो. ती मागे सरकत नाहीत. कधी कधी सरकतातही.

खरी पंचाईत पुढे झाली. रोहिदास डॉक्टर झाला. बाजारात कुणाचं नाक मोठं दिसलं की तो त्याचा हात पकडून बोटं दाबून बघायचा. जीभ काढायला लावायचा. मापं घेता घेता चपलेचा नंबर विचारायचा. "ग्रंथी आहे," तो गंभीरपणे सांगायचा, "मोखाड्याला निशा मॅडमना भेट, माझं नाव सांग." अशी त्याने वर्षभरात दहा माणसं पाठवली. दहाही जणांना निशा मॅडमनी परत पाठवलं. त्यातल्या एकाचं नाक त्याच्या आजोबांपासून तसंच होतं. शेवटी त्यांनी लक्ष्याबरोबर निरोप धाडला, की मास्तरांना सांगा, शिलाईवर लक्ष द्या.

आणि मग सूर्यमाळची सुकी आली. ब्लाउज शिवायला. मे महिना, पंख्याखालीही घाम थांबेना असा, आणि सुकीच्या अंगात लोकरी स्वेटर. ती पायरीवरच बसली, दम खायला. चेहरा पिठासारखा, भुवया विरळ, बोलणं इतकं संथ की एका वाक्यात रोहिदासची एक शिवण पूर्ण होई. त्याने तिच्या नाकाकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं. दोन्ही बारीक. त्याच्या दृष्टीने केस तिथेच संपली. ती गेल्यावर तो म्हणाला, "आळशी आहे जरा. घरात कामं पडतात म्हणून इथं येऊन बसते."

चंदाने हातातलं बटण खाली ठेवलं, उठली, आणि रस्त्यावर जाऊन सुकीला गाठलं. दोघी आंब्याखाली बराच वेळ बोलत होत्या. धाकट्या पोरीच्या वेळी रक्त गेलं होतं का? गेलं होतं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या होत्या. अंगावर दूध आलं? नाही आलं, पोरगी जावेने पाजली. त्यानंतर पाळी? नाही. पोरगी आता नऊ वर्षांची होती.

या वेळी निशा मॅडमनी परत पाठवलं नाही. रोहिदासच्या पुढच्या इंजेक्शनला मुंबईला जाताना लक्ष्याच्या जीपमध्ये सुकी आणि तिचा नवराही बसले. वाटेत रोहिदासने दोघांना पियुषिका ग्रंथीवर कसाऱ्यापर्यंत पुरेल एवढं भाषण दिलं. डॉ. हर्षदांनी रक्त तपासलं. सुकीचा मुकादम नऊ वर्षांपूर्वीच काम सोडून गेला होता. ऑपरेशन वगैरे काही नाही. जे रस अंगात तयार होत नव्हते, तेच गोळ्यांनी द्यायचे. रोज, जन्मभर, आणि ताप आला तर डोस वाढवायचा, चुकवायचा नाही.

रोहिदासने खोडाळ्यात सांगितलं की त्याने सुकीचा आजार ओळखला. चंदा काज करत होती. तिने वरही बघितलं नाही.

तीन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी होती. पायऱ्या धाडधाड चढत एक बाई आत आली, गालांवर लाली, खांद्यावर पिशवी, आणि तिने कापडाच्या ढिगाऱ्यावर हात आपटला.

"मास्तर, मे महिन्यात कापड दिलं होतं! कुठाय माझा ब्लाउज? नवऱ्याला धाडलं की दर खेपेला पुढच्या बाजाराला ये, पुढच्या बाजाराला ये! मी काय रिकामी बसलेय?"

सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. रोहिदासने तिला ओळखलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. सुकी एका श्वासात एवढं बोलू शकते हे सूर्यमाळमध्येही कुणाला माहीत नव्हतं. तो ढिगाऱ्यात शोधायला लागला, सापडेना, चंदाकडे बघायला लागला. चंदाने फळीवरून घडी केलेला ब्लाउज काढून दिला. तो तिने स्वतःच शिवून ठेवला होता.

सुकीने जागेवरच उलगडून बघितला, बाही ओढून बघितली, "खांद्यात जरा सैल वाटतो," असं मास्तरला ऐकवलं आणि आली तशी धाडधाड उतरून गेली.

रोहिदास दाराशी बसलेल्या लक्ष्याच्या कानाशी लागून म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना सांगायला पायजे. हिचा डोस जरा जास्त झालाय."